मधली जागा, नऊ गुण

डोळे मिटा आणि एक काम करून बघा. तुमच्याकडे शंभर गुण आहेत. त्यांत मुलींचा एक फुटबॉल संघ बसवायचा आहे. कमीत कमी अकरा मुली हव्यात. मैदानात एका वेळी सात उतरतील. प्रत्येक मुलीच्या नावापुढे एक आकडा आहे. गोल मारणारीपुढे बावीस, गोलकीपरपुढे तेरा, अजून बुटाची नाडी नीट बांधता न येणाऱ्या नवखीपुढे चार. या आकड्यांची बेरीज शंभराच्या वर गेलेली चालत नाही, एकानेही नाही. आता मागच्या हंगामात तुमच्या मुली चांगल्या खेळल्या. चांगल्या खेळल्या म्हणून समितीने त्यांचे आकडे वाढवले. म्हणजे संघ तोच, मुली त्याच, पण त्या आता तुमच्या शंभरात मावत नाहीत. कुणाला तरी सोडायचं आहे. कुणाला सोडाल?

बहुतेक माणसं इथे कागद आणि पेन शोधतात. चंद्रभागाबाई डोळे मिटलेलेच ठेवतात.

आखाडा बाळापूरच्या बाहेर, कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक मोकळं माळरान आहे. दिवसा तिथे चंद्रभागाबाईंच्या मेंढ्या असतात आणि संध्याकाळी मुलींचा फुटबॉल. दोन्ही एकाच जागेवर कसे आले, याची गोष्ट छोटी आहे. मुलींचा चेंडू कळपात जायचा, आणि चंद्रभागाबाई काठीने तो परत ढकलायच्या. असं दोन वर्षं चाललं. मग आठ गावांची मिळून ‘कयाधू लीग’ सुरू झाली आणि नियम निघाला की मुलींच्या संघाला प्रमुख म्हणून वयाने मोठं माणूसच हवं. मुलींनी आपसांत काही ठरवलं आणि सगळ्या मिळून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चंद्रभागाबाईंनी विचारलं की काम काय असतं. रागिणी नावाची मुलगी म्हणाली, सही करायची आणि आमच्याकडे बघत बसायचं. बघत बसायचं काम त्या तशीही करतच होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या असल्याने सहीही येत होती. या गोष्टीला सात वर्षं झाली.

शंभर गुणांचा नियम नंतर आला. पहिल्या दोन वर्षांत एका मोठ्या गावाच्या संघाने सगळ्या चांगल्या मुली जास्त मानधन देऊन आपल्याकडे ओढल्या. अंतिम सामन्यात निकाल आधीच ठाऊक असायचा आणि बघायला माणसं येईनात. तेव्हा समितीने ठरवलं की मानधन गुणांत मोजायचं, एका गुणाचे हंगामाला दोनशे रुपये, आणि कुठल्याही संघाने शंभरापुढे जायचं नाही. यामुळे एक गंमत झाली. खेळ दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच चालतो, पण संघ जिंकतो की हरतो हे बऱ्याच अंशी त्यानंतरच्या रिकाम्या महिन्यांत ठरायला लागलं, जेव्हा मैदानावर फक्त मेंढ्या असतात.

चंद्रभागाबाईंची एक खोड आहे. त्या मेंढ्या मोजत नाहीत. त्यांच्या घरात कुणीच मोजत नाही. मोजलेलं कमी होतं, असं त्यांची सासू सांगायची. संध्याकाळी कळप परत आला की त्या वाघुरीच्या, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या, तोंडाशी उभ्या राहतात. एकेक मेंढी आत जाते. काळ्या कानाची, लंगडी, जुळी झालेली, सगळ्यांना ढकलणारी. शेवटची आत गेली की त्या क्षणभर थांबतात आणि स्वतःशीच विचारतात, कोण न्हाई? कुणी मागे राहिलेली असेल तर त्या कळपात तिची जागा उघडी दिसते, पडलेल्या दातासारखी. किती मेंढ्या आहेत हे त्यांना आजही सांगता येणार नाही. कोण नाही ते सांगता येतं.

संघही त्या असाच बांधायच्या. फाल्गुनात दुपारी हवा थरथरत असते, लांबचं पळसाचं झाड जमिनीवर टेकलेलं आहे की तरंगतंय ते कळत नाही. अशा वेळी त्या लिंबाखाली बसून डोळे मिटतात. मग धुळीतून मुली येताना दिसतात. पिवळे शर्ट, हातात बूट. एकेक जण जाळीच्या तोंडातून आत येते. सगळ्या आल्या की त्या बघतात, कुठे उघडं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना असंच डावीकडे उघडं दिसलं. तेव्हा सगळे संघ गोल मारणाऱ्या मुलींच्या मागे लागले होते. चंद्रभागाबाईंनी डावीकडून नुसतीच पळणारी, कुणी न विचारलेली एक मुलगी पाच गुणांत घेतली. दोन वर्षांत ती चौदा गुणांची झाली.

बेरीज-वजाबाकी अंजली करते. अंजली संघाची प्रशिक्षक. नोकरी कृषी सहायकाची, वय तिशीचं. ती स्कूटरवर लॅपटॉप घेऊन येते, तक्ता उघडते आणि सांगते, “मावशी, एकशेदोन होतात.” चंद्रभागाबाईंना एकशेदोन म्हणजे काय ते दिसत नाही. त्या म्हणतात, “दोन कोण?”

मागच्या वर्षी नेमकं हेच झालं. संघ तिसरा आला होता, सगळ्यांचे गुण चढले होते आणि बेरीज एकशेदोन झाली. गुढीपाडव्यापर्यंत यादी द्यायची होती. चंद्रभागाबाईंनी कुणालाच सोडलं नाही, त्यांच्याने सोडवलं नाही. पाडवा गेला. नियमाप्रमाणे अजून आठ दिवस मिळतात, पण त्याला दंड आहे: त्या आठ दिवसांत जिला सोडाल तिचे अर्धे गुण पुढचे दोन हंगाम तुमच्याच नावावर धरले जातात. मुलगी दुसऱ्या गावासाठी खेळणार आणि तिचे गुण तुमच्या दाव्याला बांधलेले राहणार.

सातव्या दिवशी त्या लिंबाखाली बसल्या. एकेका मुलीला मनातल्या मनात बाहेर काढून पाहिलं. रागिणीला काढलं तर समोर केवढं तरी भगदाड पडलं. गोलकीपर राणीला काढलं तर मागून वारा यायला लागला. डावीकडची काढली, उजवीकडची काढली; प्रत्येक वेळी उघडं पडलं. मग पुजाला काढलं. काहीच झालं नाही. धूळ तशीच, चालणं तसंच, मुली तशाच येत राहिल्या.

पुजाचे सहा गुण होते. मधल्या फळीत खेळायची. तिने कधी गोल मारला नव्हता, तिच्यामुळे कधी गोल झाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. हिंगोलीला नर्सिंगचं शिकते, दर शनिवारी बसने सरावाला यायची, डबा खायची, खेळायची, जायची. चंद्रभागाबाईंनी तिच्या नावावर सही केली. शहाण्णव आणि दंडाचे तीन, नव्याण्णव. अंजलीने तक्ता बंद केला. दोघींनाही सुटल्यासारखं वाटलं.

पुजाला कनेरगाव नाक्याच्या संघाने घेतलं. त्या संघाचे प्रमुख धर्मसिंग यांचा तिथे रस्त्याला लागून ढाबा आहे. चंद्रभागाबाईंची आणि त्यांची जुनी चकमक. लीगच्या बैठकीत ते मोठ्याने म्हणायचे की बाळापूरचा संघ मेंढरांसारखा एकामागे एक पळतो. चंद्रभागाबाई त्यावर म्हणायच्या, मेंढरं सांजच्याला घरी तरी येतात, तुमच्याकडं एकदा जेवलेलं माणूस दुसऱ्यांदा आलंय का? यावर सगळ्यात मोठ्याने धर्मसिंगच हसायचे.

मग हंगाम सुरू झाला आणि बाळापूर हरायला लागलं.

मुली त्याच होत्या, त्याच दमाने पळत होत्या. पण चेंडू मधून असा निघून जायचा जसं फाटक्या पिशवीतून धान्य. राणी दर सामन्यात ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. रागिणी, बावीस गुणांची रागिणी, चेंडू मागायला इतकी मागे यायची की गोलकडे परत जाईपर्यंत दमून जायची. अंजलीला वाटलं दम कमी पडतोय. तिने सकाळचं धावणं वाढवलं. मुली जास्त धावल्या आणि जास्त हरल्या.

कनेरगाव नाक्याच्या मैदानावर सामना झाला, तेव्हा चंद्रभागाबाई कडेला खाली बसून होत्या. मागे वाशीमकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. पहिल्या अर्ध्या वेळात त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. मैदानाच्या मधोमध एक जागा होती, साधारण दोन खाटांएवढी, जिथे बाळापूरचा चेंडू जातच नव्हता. रागिणी चेंडू घेऊन यायची, त्या जागेजवळ आली की डावीकडे वळायची किंवा उजवीकडे, आणि मग तिथे कुणीतरी चेंडू काढून घ्यायचं. त्या जागेत कोण आहे ते बघायचा चंद्रभागाबाईंनी प्रयत्न केला, तर नजर घसरून चेंडूकडे जायची. शेवटी दुसऱ्या अर्ध्या वेळात त्यांनी ठरवलं की चेंडूकडे बघायचंच नाही. मान दुखेपर्यंत त्या एकाच मुलीकडे बघत राहिल्या.

पुजा फारशी पळतच नव्हती. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. कधी कमरेवर हात ठेवून उभी. पण ती जिथे जायची तिथे थोड्या वेळाने खेळ येऊन पोचायचा, आणि ती आधीच तिथे असल्यामुळे वळून निघून जायचा. तिला चेंडूला पाय लावावा लागतच नव्हता. तीन गोलांनी सामना हरून बाळापूरच्या मुली जीपमध्ये बसल्या, तेव्हा चंद्रभागाबाई मान चोळत अजून त्या मधल्या जागेकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली त्यांचा डोळा लागला. झोप म्हणावी तर मेंढ्यांच्या खाण्याचा कुरकुर आवाज येत होता. जाग म्हणावी तर समोरून मुली येत होत्या. पिवळे शर्ट, हातात बूट. सगळ्या जाळीच्या आत आल्या. कोण नाही? सगळ्या होत्या. कुठेच उघडं नव्हतं. पण त्या एकमेकींना धडकत होत्या, एकीचा पाय दुसरीच्या पायावर पडत होता आणि धूळ बसतच नव्हती. नुसती वर वर चढत होती, लिंबाच्या शेंड्यापर्यंत, मऊ लोकरीसारखी. त्या धुळीत उभ्या राहून चंद्रभागाबाईंना कळलं की काही माणसं गेली की त्यांची जागा मोकळी राहत नाही. बाकीच्यांची जागा बिघडते.

जाग आल्यावर त्यांनी अंजलीला फोन केला आणि पुजा परत पाहिजे म्हणून सांगितलं.

हंगाम संपला. पुजाचं नाक्याशी ठरलेलं एक वर्ष पाडव्याला पुरं होणार होतं. त्याआधीच्या पंधरा दिवसांत कुणीही तिच्याशी बोलू शकत होतं. पण समितीतही एखादं डोळस माणूस असावं, कारण तिचे गुण सहावरून पंधरा झाले होते. इकडे बाळापूरच्या मुलींचे हरल्यामुळे उतरले. अंजलीने तक्ता उघडला. अकरा मुलींचे अठ्ठ्याऐंशी. पुजाला सोडल्याच्या दंडाचे तीन या वर्षीही होतेच. एक्याण्णव. शिल्लक नऊ. पुजासाठी पंधरा हवेत, म्हणजे सहा कमी. त्यातले तीन तिलाच सोडल्याचे. अंजली म्हणाली की हे गणित तिने कुणाला दाखवलं तर लोक हसतील.

अंजलीच्या हिशोबाने रस्ता एकच होता, रागिणीला सोडायचं. तिचे गुण उतरून एकोणीस झाले होते. ते मोकळे झाले की पुजा येते आणि वर आणखी एक मुलगी. कागदावर हे बरोबर होतं. चंद्रभागाबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता कुणालाही बाहेर काढून बघायची त्यांना भीती वाटते.

त्यांना दुसरंच काही आठवत होतं. रोगाने एखाद्या घराच्या मेंढ्या मेल्या तर बाकीच्या घरांनी एकेक पाठ, म्हणजे मादी कोकरू, त्या घरी नेऊन द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. दान म्हणून कुणी देत नाही. कळप उभा राहायला पाहिजे म्हणून देतात. लीगमध्ये एक कलम असं होतं की एखाद्या मुलीने स्वतः लिहून दिलं तर ती समितीने दिलेल्यापेक्षा कमी गुण घेऊ शकते. ते कलम आजवर कुणी वापरलं नव्हतं. चंद्रभागाबाईंनी मुलींना बोलावलं, पाठीची रीत सांगितली आणि अंजलीला ते कलम वाचून दाखवायला लावलं.

एका गुणाचे दोनशे रुपये, ते कुणाच्या बसच्या पासाचे होते, कुणाच्या वह्यांचे. आधी राणी बोलली. तिने आपला एक दिला. अट एवढीच की पुजा आली की महिनाभर हातमोजे तिनं धुवायचे. मग दुसरी, तिसरी, चौथी. रागिणी पायातला बूट काढून आत खडा आहे का ते बघत बसली होती. खडा नव्हता. तिने बूट पुन्हा घातला आणि पाचवी सही केली. सहावी नवख्या मुलीने केली, जिच्याकडे चारच गुण होते. अंजलीने तिला दोनदा विचारलं.

कागद घेऊन चंद्रभागाबाई एकट्याच बसने निघाल्या. बाळापूर ते हिंगोली, हिंगोली ते नाका. रविवार होता आणि नाक्याच्या मुलींचा सराव नुकताच संपला होता. धर्मसिंगनी त्यांना पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं.

“पोरगी पळवायला आल्या व्हय मावशी?”

“इचारायला आले. पळवायची असती तर कळप घेऊन आले असते.”

धर्मसिंगनी चहा सांगितला, पुजाला हाक मारली आणि स्वतः उठून भट्टीकडे गेले. ते मुद्दाम गेले, हे चंद्रभागाबाईंच्या लक्षात आलं.

पुजा समोर बसली. केस ओले होते, तोंड नुकतंच धुतलेलं. ती आधी सगळ्या मुलींची चौकशी करत राहिली. राणीचा घसा, डावीकडच्या मुलीचा घोटा. मग एकदम म्हणाली, “मावशी, मला सोडलं तवा माज्यात काय कमी दिसलं तुमाला?”

“काय बी कमी दिसलं न्हाई, लेकरा. तू गेल्यावर जागा मोकळी दिसंल वाटलं व्हतं. ती दिसली न्हाई. तेच चुकलं माजं.”

पुजाने हे डोक्यात नीट ठेवून घेतल्यासारखी मान हलवली. चंद्रभागाबाईंनी कागद पुढे केला. तिने सहा सह्या एकेक करून वाचल्या, बोट ठेवत. पाचव्या सहीवर बोट थांबलं.

“रागिणीनं बी?”

“तिनं बी.”

पुजा बाहेर बघत राहिली. रस्त्यावर ऊन इतकं होतं की पलीकडची माणसं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. मग ती सांगायला लागली. इथे जीपमध्ये बसताना धर्मसिंगदादा प्रत्येकीकडे बोट करून मोठ्याने मोजतात. उतरताना पुन्हा मोजतात. जेवायला बसल्यावर मोजतात. ढाब्यावर ताटं मोजायची सवय, ती मुलींनाही लावली. तिचा नंबर नववा. ती लघवीला गेली तरी जीप थांबते, कारण नऊ म्हटल्यावर ओ येत नाही.

“पहिल्या दिशी लई हसू आलं मला,” ती म्हणाली. “मंग बरं वाटाया लागलं.”

चंद्रभागाबाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मोजलेलं कमी होतं, असं त्या आयुष्यभर ऐकत आल्या होत्या.

“यंदा न्हाई मावशी,” पुजा म्हणाली. तिने कागदाची आधीचीच घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत दिला. बस येईपर्यंत ती त्यांच्याजवळ थांबली. बसमध्ये खिडकीजवळची जागा तिनेच धरून दिली.

पाडव्याला बाळापूरची यादी गेली. अकरा मुली, दंडाचे तीन, एकूण एक्याण्णव. सहा सह्यांचा कागद चंद्रभागाबाईंनी समितीला दिलाच नाही. मुलींचे गुण मुलींकडे राहिले. राणीने विचारलं, आली का ती? त्यांनी सांगितलं, न्हाई आली, पर तुज्या घशाची चौकशी केली. नऊ गुण मोकळे आहेत आणि मधली जागा रिकामी आहे. नवी मुलगी घ्यायला मेअखेरपर्यंत वेळ आहे.

तेव्हापासून रविवारी रामकिशन, त्यांचे यजमान, मेंढ्या सांभाळतात आणि चंद्रभागाबाई अंजलीच्या स्कूटरवर मागे बसून गावोगावची मैदानं बघत फिरतात. अंजलीकडे गोल करणाऱ्यांची, वेगाने पळणाऱ्यांची, उंच मुलींची यादी आहे. ती यादी चंद्रभागाबाई उघडूच देत नाहीत. यादीत जिचं नाव आलं ती कुणाला तरी दिसलेली आहे, आणि दिसलेली मुलगी नऊ गुणांत येत नाही, हे त्यांना आता पक्कं ठाऊक आहे.

परवा त्या वसमतला होत्या. बाजाराच्या बाजूने वाळलेल्या हळदीची धूळ येत होती आणि मावळतीच्या उजेडात सगळं मैदान पिवळं दिसत होतं, मुली, गवत, चेंडूसुद्धा. दोघी भिंतीवर बसून तासभर सराव बघत होत्या. एकीने पाठोपाठ दोन गोल केले. एक पडली, हसली, उठली. एक सारखी ओरडत होती. चंद्रभागाबाई एकेकीवर नजर ठेवायच्या, आणि नजर ठेवली की ती मुलगी दिसायला लागायची. मग ती कामाची नाही म्हणून पुढे सरकायच्या. सराव संपला. मुली बूट हातात घेऊन फाटकाकडे निघाल्या. चंद्रभागाबाईंनी अंजलीचा हात धरला.

“लवकर सांग,” त्या म्हणाल्या, “आत्ता तू कोणाला बघितलं न्हाईस?”